खलनायकाचं पान पेन्सिलीनं भरावं



रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर माझा हक्क नसतो. माझा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचे पाच मित्रमैत्रिणी तीन वाजता तिथे ठाण मांडतात, ते मी दिवस मावळायच्या आत पानं घेते तेव्हाच उठतात. टेबलभर वह्या, पेन्सिली, खोडरबर, मोठ्या पातेल्यात बिनलसणाचं भडंग आणि रंगीबेरंगी फासे. फासेही आपल्या सापशिडीसारखे सहा बाजूंचे नाहीत. कुठला चार बाजूंचा, कुठला आठ, एक तर चक्क वीस बाजूंचा.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली बाजारात आणला. यात सोंगट्या पुढे नेऊन कुणाला हरवायचं नसतं. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि 'मी दार ढकलतो', 'मी त्या म्हातारीला पाणी देते' असं बोलत गोष्ट पुढे नेतात. जमलं की फसलं हे फासा सांगतो. आमच्याकडे गोष्ट सांगणारा माझा मुलगा. त्यामुळे गावं, राजे, जंगलं आणि मुख्य म्हणजे खलनायक रचायचं काम त्याचं.

या खलनायकाबद्दलच आज लिहायचं आहे. विषय मुलांचा वाटेल, पण जरा धीर धरा.

गेल्या महिन्यात मी भाकरी थापत होते आणि बाहेर मुलगा आवाज घोगरा करून त्याच्या नव्या खलनायकाचं बोलणं करत होता. हा खलनायक म्हणजे नदीवरच्या एकुलत्या एका पुलाचा मालक. थोरल्या भावाला हाकलून पूल बळकावलेला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून जबर पैसे उकळणारा. कुणीतरी त्याला विचारलं, 'पूल तुझा कशावरून?' तर तो म्हणाला, 'कागद बघा. सही कुणाची आहे?'

माझा हात परातीतच थांबला. हे वाक्य माझ्या धाकट्या दिरांचं. आठ वर्षांपूर्वी गावाकडच्या भांड्यांच्या दुकानाची वाटणी झाली, तेव्हा ते असं म्हणाले होते. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्या बैठकीत नव्हता. म्हणजे हे वाक्य त्यानं काकांच्या तोंडून ऐकलेलं नाही, माझ्या तोंडून ऐकलंय. फोडणी देता देता, बहिणीशी फोनवर बोलता बोलता मी ते किती वेळा म्हटलं, त्याची मोजदाद नाही.

मुलं गेल्यावर मी म्हटलं, 'दाखव रे तुझा पूलवाला.' त्यानं वहीचं पान पुढे केलं. नावाखाली पहिल्याच ओळीत शाईनं लिहिलेलं होतं: केऑटिक इव्हिल.

या दोन शब्दांना खेळात अलाइनमेंट म्हणतात. मी त्याला पात्राचा कल म्हणते. १९७४ च्या पहिल्या पुस्तकांत कल तीनच होते: लॉ म्हणजे नियम, केऑस म्हणजे बेबंदपणा आणि मधला न्यूट्रल. पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून ही कल्पना खेळात आली. पुढच्या चार-पाच वर्षांतच तिला चांगलं आणि वाईट अशी दुसरी पट्टी जोडली गेली. तीन आडवी, तीन उभी, अशी नऊ घरं झाली. लॉफुल गुड हे पहिलं, केऑटिक इव्हिल हे शेवटचं.

त्यातली वाईटाची घरं तीन. आपल्या ओळखीच्या माणसांत सांगायचं तर लॉफुल इव्हिल म्हणजे जुन्या काळचा सावकार. शब्दाचा पक्का, कागद चोख, तारीख चुकवणार नाही. आणि त्याच कागदानं विधवेचं शेत गिळेल. न्यूट्रल इव्हिलला नियमाचं प्रेमही नाही आणि रागही नाही. फायदा असेल तोवर पाळेल, नसेल तेव्हा मोडेल. केऑटिक इव्हिल म्हणजे सुडाच्या भरात शेजाऱ्याची गंजी पेटवणारा. त्यात स्वतःचं खळं जळालं तरी त्याला पर्वा नाही. खेळाच्या पुस्तकांत डेव्हिल आणि डीमन असे दोन वेगळे वंश आहेत. मराठीत आपण दोघांनाही सैतान म्हणून मोकळ्या होऊ. पण डेव्हिल लॉफुल इव्हिल असतात: ते करार करतात, कराराचं अक्षर पाळतात आणि त्या अक्षरातच माणसाला अडकवतात. डीमन केऑटिक इव्हिल, त्यांना नुसती नासधूस हवी असते. दोघेही वाईटच, आणि एकमेकांचे हाडवैरी.

मी मुलाला विचारलं, 'जो माणूस कागद दाखवतो, सही दाखवतो, तो बेबंद कसा रे?'

तो म्हणाला, 'आई, केऑटिक इव्हिल म्हणजे सगळ्यात वाईट ना? म्हणून लिहिलं.'

इथे पहिली चूक आहे आणि ती पुष्कळ मुलं करतात. ही नऊ घरं म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. शेवटचं घर म्हणजे सगळ्यात खालची पायरी, असं पुस्तक कुठेच म्हणत नाही. माणूस किती वाईट हे त्यातून कळत नाही, कोणत्या रीतीनं वाईट वागतो तेवढं कळतं. आणि चोख कागदावर केलेला अन्याय रागाच्या भरात केलेल्या अन्यायापेक्षा कित्येकदा जास्त माणसांना पुरून उरतो.

दुसरी चूक मला जास्त मोठी वाटते. त्यानं ते दोन शब्द सगळ्यात आधी लिहिले होते. त्या माणसाला काय हवंय, त्याचं कुणावर प्रेम आहे, रात्री त्याला झोप लागते का, यातलं काहीच पानावर नव्हतं. आधी शिक्का, मग माणूस.

या खेळातला फार गाजलेला खलनायक स्ट्राड हा एक रक्तपिपासू सरदार. तो ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोनं रचला आणि १९८३ साली छापून आला. ट्रेसी एकदा दुसऱ्या कुणाच्या डावात खेळत असताना तळघरात अचानक असाच एक रक्तपिपासू समोर आला. का आला, तिथे काय करतो, याचा पत्ता नाही. दार उघडलं आणि समोर उभा, चला मारा. हे त्याला खटकलं. मग दोघांनी मिळून असा खलनायक घडवला की ज्याच्या वाईटपणाला कारण आहे. स्ट्राडचा जीव भावाच्या होणाऱ्या बायकोवर जडतो आणि लग्नाच्या दिवशीच तो सख्ख्या भावाचा खून करतो. २०१६ च्या पुस्तकात त्याच्या नावापुढे लॉफुल इव्हिल असं लिहिलं आहे. पण ते दोन शब्द नसते तरी माणूस कळला असता, कारण त्याला हवं काय होतं आणि त्यासाठी त्यानं केलं काय, दोन्ही आपल्याला ठाऊक आहे.

आता मैत्रिणींनो, मंदिराच्या भिंतीवरचं किंवा पाठशाळेच्या पुस्तकातलं षट्लेश्येचं चित्र आठवा. जांभळाचं झाड, खाली सहा भुकेले वाटसरू. कृष्ण लेश्येचा म्हणतो झाड मुळासकट उपटू. नील लेश्येचा खोड तोडायला निघतो, कापोत लेश्येचा मोठी फांदी. पीत लेश्येचा घोसाच्या डहाळ्या मोडतो, पद्म लेश्येचा फक्त फळं तोडतो आणि शुक्ल लेश्येचा खाली पडलेली जांभळं वेचून खातो. हे चित्र मी लहानपणापासून पाहत आलेय, पण मुलाच्या वहीवरून नजर काढल्यावर पहिल्यांदाच लक्षात आलं की भूक सहाही जणांची एकच आहे. भुकेला कुणी पाप म्हटलेलं नाही. एका मूठभर फळांसाठी कोण किती झाड तोडायला तयार आहे, फरक तिथे आहे.

खलनायक रचण्याची याहून चांगली रीत मला तरी सापडलेली नाही. त्याला हवंसं वाटणारं काहीतरी साधं द्या, आपल्या सगळ्यांना हवं असतं तसं: मान, घर, मुलाचं भलं, बापाची शाबासकी. मग विचारा, त्यासाठी हा किती तोडेल? आणि लेश्येचा दुसरा धडा असा की ती जन्मभर एकच राहत नाही, परिणामांप्रमाणे पालटते. सकाळी पूजेला बसलेली मी आणि दुपारी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारी मी, दोघींची लेश्या एक नसते.

शिक्का आधी मारला की काय होतं, हे या खेळाच्याच इतिहासात दिसतं. त्यात ऑर्क नावाची एक रानटी जमात आहे. १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात सगळे ऑर्क लॉफुल इव्हिल होते. २००० सालच्या आवृत्तीपासून ते केऑटिक इव्हिल झाले. ऑर्क तेच, पुस्तक बदललं. पण कुठल्याही आवृत्तीत मुलांना एवढंच कळायचं की समोर ऑर्क आला, म्हणजे विचार न करता मारायचा. हे चुकतंय असं पुष्कळ खेळाडू म्हणत राहिले आणि २०२० साली खेळ छापणाऱ्या कंपनीनं जाहीरपणे मान्य केलं की ऑर्क आणि ड्रो यांसारख्या जमाती सरसकट दुष्ट दाखवताना खऱ्या जगातल्या माणसांना जसं हिणवलं गेलं त्याचीच सावली पडते.

आपल्याकडे तर हे खेळात नाही, कायद्यात झालं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे आपल्या भागातल्या पारध्यांसारख्या समाजांवर जन्मतःच चोर असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण आजही गावात चोरी झाली की पहिली बोटं कुणाकडे वळतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. कर्मानं माणूस ठरतो, जन्मानं नाही, हे आपण प्रवचनात मान हलवून ऐकतो. मग मुलांच्या वहीतल्या ऑर्कलाही तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

मंडळातल्या एका काकूंनी मला विचारलं, 'अगं, पण मुळात हा मारामारीचा खेळच का खेळू देतेस? खोटं मारणंही मारणंच.' त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. यशोधर राजाची कथा आपल्याला माहीत आहे. खरा जीव नको म्हणून पिठाचा कोंबडा करून बळी दिला, तरी राजाला आणि त्याच्या आईला पशुयोनीत कितीतरी जन्म फिरावं लागलं. कोंबडा पिठाचा होता, संकल्प मात्र खरा होता.

मला वाटतं, म्हणूनच खलनायकाचा कल नीट ठरवणं महत्त्वाचं आहे. ज्याच्या कपाळावर नुसतं 'दुष्ट' लिहिलंय, त्याला मारताना मुलाच्या मनात काहीच हलत नाही. ती सवय मला नको आहे. ज्याचं कारण ठाऊक आहे, त्याच्यापुढे मुलं थांबतात, आपसात वाद घालतात, बोलून बघतात. आजच्या नियमांत एक सोयही आहे: जवळून केलेल्या वारानं शत्रू गारद झाला, तर त्याला ठार करायचं की नुसतं बेशुद्ध, हे वार करणारा ठरवू शकतो. आमच्या टेबलावर मी इतकीच अट घातली आहे की हा प्रश्न दर वेळी मोठ्यानं विचारायचा. उत्तर मुलांनी द्यावं.

काही जण म्हणतात, हे कलाचे शब्दच काढून टाका. पाथफाइंडर नावाच्या अशाच एका खेळानं २०२३ साली ते खरोखर काढले. त्याऐवजी पात्रानं काय करायचं आणि काय कधीच करायचं नाही, अशा ओळी ठेवल्या. आपल्या भाषेत नियम आणि त्याग! मला ती कल्पना फार आवडली. तरी माझं मत असं की शब्द राहू द्यावेत. वाईटाला वाईट म्हणता आलं पाहिजे. 'त्याचं बालपण कठीण गेलं' एवढ्यावर अन्याय पुसला जात नाही, आणि मुलांना तेही कळायला हवं. फक्त ते शब्द शेवटी लिहावेत आणि पेन्सिलीनं लिहावेत.

आपल्या पद्मपुराणातल्या रावणाचंच बघा. सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी लिहिलेल्या त्या ग्रंथात रावण दहा तोंडांचा राक्षस नाही. राक्षस हे वंशाचं नाव, तो विद्याधर राजा आहे, विद्वान आहे, जिनभक्त आहे. जी स्त्री स्वतः राजी नाही तिला स्पर्श करणार नाही, असा नियम त्यानं केवलींपुढे घेतला होता आणि सीतेच्या बाबतीत तो मोडला नाही. म्हणून त्याचं परस्त्रीहरण माफ झालं का? नाही. तो नरकात गेला. नियम पाळला हेही पानावर आहे आणि पाप केलं हेही पानावर आहे, एकानं दुसरं खोडलेलं नाही. आणि त्याच पानावर पुढे असंही आहे की हाच जीव पुढे कधीतरी तीर्थंकर होणार. इतक्या मोठ्या खलनायकाचंही पान आचार्यांनी बंद केलेलं नाही.

तर त्या रात्री मी आणि मुलगा टेबलाशी बसलो आणि पूलवाल्यासाठी नवं पान घेतलं. चार प्रश्न ठरवले. याला काय हवंय? त्यासाठी हा काय काय करतो? काय कधीच करणार नाही? आणि आपण जे करतो ते बरोबर आहे, हे स्वतःला कसं पटवतो? कल सगळ्यात खाली.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यानं भराभर लिहिली. तिसऱ्यापाशी जरा थांबला. मग लिहिलं, 'आजारी माणसाकडून पुलाचे पैसे घेत नाही.'

मी विचारलं, 'हे कुठून सुचलं?'

'आजीला रात्री मिरजेला काकाच घेऊन गेले होते ना. आठ दिवस तिथल्या बाकावर झोपले होते. आजीनं सांगितलं मला.'

ही गोष्ट खरी आहे. सासूबाईंना रात्री दोन वाजता धाप लागली, तेव्हा दिरांनी स्वतः गाडी काढली होती. मला ती माहीत होती. पण 'कागद बघा' हे वाक्य मी घरात शंभरदा सांगितलं आणि ही गोष्ट एकदाही सांगितली नाही. माझ्या मुलाच्या मनातला काकांचा कागद मी भरला होता, शाईनं, आणि पहिल्या ओळीपासून.

गैरसमज नको. दुकानाच्या वाटणीत आमच्यावर अन्याय झाला, हे माझं मत आजही तसंच आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर, दिरांनी स्वतःला काय पटवलं असेल, ते मला कळतं पण पटत नाही. मुलानं खाली पेन्सिलीनं 'लॉफुल इव्हिल' लिहिलं, ते मी पुसायला सांगितलं नाही. पुलाच्या मालकासाठी ते बरोबर होतं. दिरांना दोन शब्दांत बसवायचं मात्र मी सोडून दिलंय.

तुमच्या घरीही मुलं असे खेळ खेळत असतील, गोष्टी रचत असतील, नाटकं बसवत असतील. त्यांच्या दुष्टाचं पान एकदा मागून बघा. तो कुणासारखा बोलतो ते ऐका. नुसतं 'वाईट' असं लिहिलं असेल तर रागावू नका, जवळ बसा आणि ते चार प्रश्न विचारा. उत्तरं त्यांची त्यांनाच सापडतात. एखादं आपल्यालाही सापडतं, आणि ते दरवेळी सोयीचं असतंच असं नाही.

क्षमावाणीला मी दरवर्षी दिरांना मोबाइलवर संदेश पाठवते, सगळ्यांना जातो तोच. यंदा फोन करणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही. वाटणीचा विषय काढणार नाही, एवढं नक्की.

उत्तम क्षमा.